आत्याचं नाक आणि अंगणवाडीचा काटा

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्या झोळीत बसून रडले असतील. आता तुम्हाला ते आठवत नाही, मला आठवते. निपाणीच्या कडेला एका वस्तीत अंगणवाडी आहे, तिथला मी टांगता वजनकाटा. वर एक हूक, तो छताच्या कडीत अडकवतात. खाली एक हूक, त्याला कापडी झोळी. मध्ये काचेआड गोल तबकडी आणि माझा लाल काटा. पंचवीस किलोपर्यंत मी तोलतो. त्यापुढची माणसे माझ्या ताकदीबाहेरची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विसरलो. पहिली परीक्षा मात्र लक्षात आहे. एका माणसाने माझ्या हुकाला पाच किलोचे लोखंडी वजन लावले, चष्मा कपाळावर सरकवला आणि काटा बरोबर पाचावर थांबला का ते पाहिले. थांबला. तेव्हापासून खरे तेवढेच सांगायचे एवढेच मला येते.

अंगणवाडीच्या रचनाबाईंनी मला जपले. पोर बसवण्याआधी काटा शून्यावर आहे ना ते त्या रोज बघत. आया रांगेत उभ्या राहत, एकमेकींच्या पोरांचे आकडे कान देऊन ऐकत. "माझ्याच बाळाचं का वाढत नाही हो बाई?" हा प्रश्न मी हजारदा ऐकला. मलाही तोच प्रश्न पडे. एका घरातली दोन भावंडे, एकाच चुलीवरची भाकरी, एकच अंथरूण. एकाला सर्दी झाली की आठवडाभर उतरत नाही, दुसरे नाक पुसून खेळायला पळते. माझा काटा फरक दाखवी. फरक कुठून आला ते तबकडीवर कुठेच लिहिलेले नव्हते.

मग एक दिवस चपटा इलेक्ट्रॉनिक काटा आला. मला कपाटात, तूरडाळीच्या पोत्यामागे ठेवले. दोन वर्षे मी तिथे होतो. हुकाला गंज चढला, झोळीला उंदरांनी भोक पाडले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या नव्या काट्याची बॅटरी संपली आणि रचनाबाईंनी मला बाहेर काढले. गंज पुसला, नवी झोळी शिवली. त्याच आठवड्यात प्रियदर्शनी आली, दोन्ही कडेवर दोन मुली घेऊन. अडीच वर्षांच्या जुळ्या, पण एकीसारखी दुसरी नाही. श्रिया सावळी, टोकदार नाकाची. स्वराली गोरटेली, नकटी. मागून त्यांची आजी, बाळाबाई.

"ही श्रिया बघा, अक्षी आत्यावर गेलीया," आजी रचनाबाईंना म्हणाल्या. "नाक बघा, कपाळ बघा, कल्याणीच! अन् ही स्वराली आईच्या म्हायेरची."

कल्याणी म्हणजे मुलींची आत्या. तंबाखूच्या वखारीत कामाला जाई. चार महिने खोकत होती. घरात सगळे म्हणत, वखारीतली धूळ आहे. शेवटी तपासले तर क्षय निघाला. तिला औषधे सुरू झाली, ती सुधारू लागली. घरात लहान मुली, म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सुहासांनी दोघींना तपासले. दोघी ठीक होत्या. तरी आजार होऊ नये म्हणून सहा महिने रोज एकेक गोळी द्यायला सांगितली. गोळी किती, ते वजनावर ठरते. म्हणून मी.

श्रिया अकरा किलो चारशे. स्वराली अकरा किलो नऊशे.

प्रियदर्शनीने दोन्ही आकडे मोबाईलवर लिहून घेतले. शिकलेली पोरगी, निपाणीतच एका ऑफिसात नोकरीला. मुली आणि गोळ्या दोन्ही दिवसभर आजींच्या हवाली. तिची नजर मी तेव्हाच ओळखली. काटा थांबल्यावरही ती काट्याकडे बघत राही.

पुढच्या महिन्यात श्रिया वाढली. स्वराली तेवढीच.

त्याच्या पुढच्या महिन्यात श्रिया बारा किलो. स्वराली अकरा किलो सातशे.

"बाई, परत बसवा," प्रियदर्शनी म्हणाली. रचनाबाईंनी मला शून्यावर आणले, पुन्हा बसवले. अकरा सातशे. तिसऱ्यांदाही तेच. त्या क्षणी काटा दोन रेषा पुढे सरकवता आला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले. पण मला ते येत नाही.

"दात यायलेत तिला," आजी म्हणाल्या.

"आई, सगळे दात येऊन झाले. रात्री घाम येतो तिला. खेळत नाही." प्रियदर्शनीचा आवाज बारीक झाला. "बाई, गोळ्या तर दोघींच्या रोज चालू आहेत. मग हिलाच असं का?"

आजी मध्येच म्हणाल्या, अगदी सहज, "दोघींच्या कुठं? श्रियाच्या चालू हायेत की. एक दिस चुकू दिला न्हाय मी."

प्रियदर्शनी सासूकडे वळली.

"आणि स्वरालीची?"

"तिला कशाला गं कडू औषध? ती तुझ्या म्हायेरावर गेलीया. तुमच्याकडं कुणाला खोकला तरी हाय काय? कल्याणीचं रगत आलंय ते श्रियात. म्हणून तिचीच काळजी घेतली. चुकलं व्हय माझं?"

मित्रांनो, त्या म्हातारीच्या मनात दुजाभाव नव्हता. तिने नाक बघून रक्त ओळखले, एवढीच तिची चूक.

प्रियदर्शनीने स्वरालीला झोळीतून उचलले आणि तशीच आरोग्य केंद्राकडे निघाली. दोन दिवसांनी बेळगावला छातीचा फोटो, आणि लहान मुले थुंकी गिळतात म्हणून पोटातल्या पाण्याची तपासणी. स्वरालीच्या छातीतल्या गाठींत क्षय सुरू झाला होता. लवकर सापडला. औषधे सुरू झाली.

पुढच्या वजनाच्या दिवशी डॉक्टर सुहास स्वतः अंगणवाडीत आले. बाळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. "डाक्टर, माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या. "पर मला एक सांगा. रगतात असतंय का न्हाय हे?"

"थोडं असतं, आजी. तुमचं अर्धं बरोबर आहे."

मी कान टवकारले. म्हणजे कान असते तर टवकारले असते. हाच तर माझा जुना प्रश्न.

"क्षयाचा जंतू दहा जणांच्या छातीत शिरला तर साधारण नऊ जणांना तो कधीच आजारी पाडत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणाला पाडतो, त्यात खाणंपिणं, वय, बंद खोली, दुसरे आजार, सगळं येतं. आणि रक्तातून आलेल्या गोष्टीही येतात. त्यांना जनुकं म्हणतात. प्रत्येकाची थोडी वेगळी. पण नाक ठरवणारी जनुकं वेगळी आणि जंतूशी लढणारी वेगळी. लढणारी पुन्हा एका जागी नसतात, कितीतरी ठिकाणी थोडी थोडी विखुरलेली. आत्याचं नाक श्रियाला आलं आणि आत्याचा अशक्तपणा स्वरालीला, असंही असू शकतं. किंवा दोघींनाही तो आला नसेल."

"मग रगत बघून सांगा की कुणाला हुणार."

"अजून कुणालाच तसं नक्की सांगता येत नाही. शोध चालू आहे. म्हणून तर गोळी दोघींना होती." मग ते हसले. "आजी, तुमचा छातीचा फोटो काढला का?"

"मला काय धाड भरलीया? कल्याणीजवळ मीच झोपत हुतो चार म्हैनं. व्हायचं असतं तर पयलं मला झालं असतं!"

"हे आता तुम्ही आरशात बघून ठरवलंत, व्हय?"

रचनाबाई फिसकन हसल्या. मग प्रियदर्शनीही हसली, कितीतरी दिवसांनी. बाळाबाई आधी फुगल्या आणि मग त्यांनाही हसू आले. दुसऱ्या दिवशी त्या फोटो काढून आल्या. काही निघाले नाही. चार महिने त्याच खोलीतला श्वास, आणि त्या धडधाकट. का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नेमके माहीत नाही. हा प्रश्न मी तुमच्याकडे सोपवतो, मित्रांनो. मोठे होऊन तुमच्यातल्या कुणीतरी त्याचे उत्तर शोधावे.

तोपर्यंत एक करा. घरात कुणाला क्षय झाला तर चेहरा बघून कुणाला वगळू नका. सगळ्यांना तपासा, डॉक्टर ज्यांना औषध सांगतील त्या सगळ्यांना ते द्या. आणि वजन करत राहा. काटा जुना चालेल, फक्त तो शून्यावर आहे ना ते आधी बघा.

आजच सकाळी स्वरालीला झोळीत बसवले, तेव्हा बाळाबाई उठून माझ्यापाशी आल्या. "बाई, मला वाचायला शिकवा ह्यो काटा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडून नगं." रचनाबाईंनी मोठा आकडा दाखवला, मग शंभर-शंभर ग्रॅमच्या बारक्या रेषा. आजींचे बोट काचेवर एकेक रेष पुढे गेले.

"बारा," त्या म्हणाल्या. "बारा... अन् एक, दोन, तीन, चार रेषा." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग स्वरालीला झोळीतून काढून कडेवर घेतले आणि दाराकडे वळून हाक मारली, "श्रिया, ये गं, आता तुझं बघू."