दुसऱ्याच्या दातांच्या खुणा

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात माउथपीसवर टेकतात, आणि वर्षानुवर्षं टेकून त्या काळ्या कडक रबरात दोन खाचा पडतात. चप्पल जशी पायाची होऊन जाते, तसा माउथपीस तोंडाचा होऊन जातो. म्हणून दुसऱ्याचा माउथपीस सहसा कोणी घेत नाही. धाकटीने घेतला, कारण तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेटची एकच जागा निघाली होती, आणि वयाची अट पाहता तिला ही शेवटची संधी. निवड चाचणीसाठी तीन तुकडे ठरवून दिले होते: चढत्या सुरांची एक पळती ओळ, एक संथ धून आणि कवायतीची एक चाल. ऐन तयारीत तिचा माउथपीस हातातून निसटला आणि फरशीवर आपटून त्याच्या टोकाचा टवका उडाला. आता असा माउथपीस फुंकला काय नि न फुंकला काय.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने खणात बराच वेळ खुडबुड करून एक जुना माउथपीस काढून दिला.

"नवा मागवलाय, तो येईल तेव्हा येईल. तोवर यावर भागव. याचा मालक त्याच बँडातला होता. वाद्य साफ करायला टाकून गेला तो न्यायला आलाच नाही. बँडातही परत गेला नाही म्हणे. त्याचीच तर जागा भरतायत."

"वारला का?"

"कोणाला माहीत. वारला असता तर घरचं कोणी वाद्य न्यायला आलं असतं."

तिचा दादा कवळ्या बनवायचा. त्याने माउथपीस आपल्या कामाच्या दिव्याखाली धरला आणि एक डोळा मिटून त्या खाचा पाहिल्या.

"उजवा दात डाव्याच्या पुढे. जरासा तिरका. जबडा मोठा. तोंडाला वास येत होता की नाही, तेवढं सांगता येणार नाही."

"दादा, मला तो तोंडात घालायचाय."

"म्हणून तर सांगतोय."

कपड्यांच्या कपाटाच्या खोलीत ती तयारी करायची. लटकलेल्या कपड्यांमुळे आवाज शेजारी जात नसे. पहिले काही दिवस दात त्या खाचांत बसेनात, कडेला घसरत राहिले. मग एका सकाळी ते बसले. खालच्या सुरांवरून वरच्या सुरांवर जाताना तिचा आवाज नेहमी चिरकायचा; तिथे तिच्या नाकी नऊ यायचे. त्या दिवशी मात्र तेलाची धार सोडावी तसा सूर वर गेला. आई ओल्या हातांनीच दारात आली.

"आज कोणाकडून वाजवून घेतेस गं?" तिने विचारलं, आणि खोलीत खरंच कोणी नाही ना ते पाहून गेली.

एकच गोष्ट बिनसत होती. संथ धुनेत शेवटच्या सुराच्या आधी धाकटी थांबू लागली. कागदावर तिथे थांबा नव्हता. थांबायचं नाही असं ठरवून बसली तरी तिथे आल्यावर श्वास आपोआप आत जाई, बोटं जागच्या जागी राहत, आणि शेवटचा सूर कोणाच्या तरी परवानगीची वाट पाहत अडून बसे. मग कधीतरी सुटे. तो इतका सुरेख सुटे, की चूक झाली असं म्हणायला जीभ उचलत नसे.

एकदा जेवताना दादाने घास हातातच ठेवला. "ए, हस बघू."

"का?"

"हस म्हणतो ना."

तिने दात दाखवले. थट्टेसाठी उघडलेलं दादाचं तोंड तसंच राहिलं.

"उजवा दात पुढे आलाय तुझा."

"वाजवून वाजवून सरकतात म्हणे."

"वर्षं लागतात त्याला. जुम्मा जुम्मा आठ दिवसांत नाही सरकत." तो उठला आणि डबी घेऊन आला. "तुझा नवा आलाय. येताना घेऊन आलो. हा लाव."

तिने लावून पाहिला. पुन्हा तोच आपला बारीक, चिरका आवाज. तिने नवा माउथपीस डबीत घातला.

"दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितेयस," दादा म्हणाला.

"तहान तर माझी आहे ना?"

चाचणीच्या सभागृहात मधोमध जाड पडदा होता. परीक्षक पलीकडे. उमेदवाराचा फक्त क्रमांक पुकारायचा, आणि उमेदवाराने अवाक्षर काढायचं नाही, म्हणजे ओळखदेख आड येणार नाही. एका जवानाने तिला खुर्चीवर बसवलं. शेजारची खुर्ची सामान ठेवायला मोकळी होती.

पळती ओळ निर्वेध गेली. मग संथ धून. शेवटच्या सुरापाशी ती थांबली, आणि पडद्यापलीकडे पेन्सिली थांबल्या.

"हा तोच," कोणीतरी हळूच म्हणालं.

"परत आला वाटतं."

सूर सुटला. पलीकडून कोणाचा तरी उसासा आला, फार दिवसांनी घरचं माणूस दिसावं तसा.

"आता कवायतीची चाल," बँडमास्तरांचा आवाज आला. आवाजात ओलावा होता.

घास हातातोंडाशी आला होता. पण त्या ओलाव्यातला थेंबही आपल्यासाठी नाही, हे धाकटीला स्वच्छ कळलं. जागा मिळेल, आणि मग जन्मभर प्रत्येक शेवटच्या सुरासाठी कोणाची तरी वाट पाहत बसायचं. तिने जुना माउथपीस उपसून शेजारच्या खुर्चीवर ठेवला, पेटीतल्या डबीतला नवा काढला, त्यावर रीडची पातळ पट्टी बांधली. जवानाने पाहिलं. याला मनाई करणारा नियम नसावा.

तिने चाल वाजवली. वर जाताना आवाज चिरकला, नेहमीच्याच जागी. पण श्वास तिला हवा तिथे घेता आला, आणि शेवटच्या सुरावर ती न अडखळता जाऊन उभी राहिली. मग तिने वाद्य मांडीवर आडवं ठेवलं.

चाल पुन्हा सुरू झाली, अगदी पहिल्यापासून. गोल, भरदार आवाज, कुठे चीर नाही. तो तिच्या शेजारून येत होता.

"जवान, तिकडे किती जण आहेत?" बँडमास्तरांनी विचारलं.

"एकच उमेदवार, साहेब."

"मग वाजवतंय कोण?"

जवानाने तिच्या मांडीकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीकडे.

"उमेदवार वाजवत नाहीये, साहेब."

चाल संपली. पलीकडे खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला, कोणी आदरानं उभं राहावं तसा.

"जागा भरली," बँडमास्तर म्हणाले. "बाकीच्यांना घरी जायला सांग."

ती उठली. खुर्चीवरच्या माउथपीसच्या तोंडाशी ताजी वाफ धरली होती. तिने त्याला हात लावला नाही.

फाटकाबाहेर दादा उभा होता. "काय झालं?"

"जागा भरली."

"कोणाला मिळाली?"

"ज्याची होती त्याला."

एरवी दादाने यावर काहीतरी फेकलं असतंच. आज त्याने तिच्या हातातून पेटी घेतली आणि एकदा मागे, इमारतीच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"चल," तो म्हणाला. "भरभर चल."