चौघांपैकी मेलेलं कोण

चार महिने आमच्या घरात एकाच गोष्टीचा खल चालला होता: त्या मालिकेतल्या घरात मेलेलं कोण? मालिकेचं नाव ‘चौघांपैकी एक’. पहिल्याच भागात एक गाडी वळणावरून नदीत कोसळते. गाडीत आजोबा, मोठा मुलगा, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. आणि दुसऱ्या दिवशी चौघंही घरात टेबलाशी बसून चहा पिताना दिसतात. म्हणजे एक जण मेलाय आणि ते त्याचं त्यालाच माहीत नाही. झालं. एवढ्याशा भांडवलावर त्या लोकांनी जगाला कामाला लावलं, आणि आमच्या घराने तर पगार मिळत असल्यासारखी रोज आठ वाजता हजेरी लावली.

माझा नवरा विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. काच आतून फुटली की बाहेरून, हे कुणी न विचारताही सांगतो. त्याचा संशय धाकट्या भावावर, कारण त्याच्या बुटांना कधी चिखल लागत नाही. चित्र थांबवायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि टीव्हीला नाक लावून बूट बघायचे. आमची छकुली सतरा वर्षांची आहे आणि घराबाहेर या नावाने हाक मारली तर ओळख दाखवत नाही. ती हे सगळे तर्क फोनवरच्या प्रेक्षकांच्या ग्रुपमध्ये टाकायची. तिथे बापाचं नाव पुरावेकाका पडलं होतं. तो वैतागल्याचं दाखवायचा आणि पाच मिनिटांनी हळूच विचारायचा, “बुटांबद्दल काय म्हणतायत लोक?”

सासूबाईंना पुराव्याबिराव्याची गरज नव्हती. “आजोबा गेलेत,” त्या म्हणायच्या. “तो माणूस इतक्या दिवसांत एकदाही खोकला नाही. या वयाला?” त्या एका शाळेच्या कार्यालयात क्लार्क होत्या आणि अजूनही समोरच्याचा अर्ज परत करावा तशा बोलतात.

माझा तर्क कुणी विचारला नव्हता. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर, हे दिसतंय का, आता दिसतंय का, आधीचं बरं की हे बरं. घरी आले की स्वयंपाक. मालिकेचा पहिला अर्धा भाग मी फोडणीच्या आवाजातून ऐकायचे.

तर एका सोमवारी आमच्या मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. बाई दुसऱ्या गावात नवं दुकान काढत होत्या, बसने चार तास. ते मी चालवावं, म्हणाल्या. दीड वर्ष. आठवड्याची सुट्टी घरी, बाकी मुक्काम तिकडे. “घरी विचारा आणि शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

मला काय हवंय ते माझं मलाच कळेना. दुकान माझ्या हाती, म्हणजे माल कुठला घ्यायचा, कुणाला कामावर ठेवायचं, सगळं मी ठरवणार. हे ऐकून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. आणि घर सोडायचं म्हटल्यावर, राहू दे, नकोच, असंही वाटलं. घरातल्यांनी काहीतरी म्हणावं एवढंच वाटत होतं. जा म्हणा, जाऊ नको म्हणा, डोकं फिरलंय का तुझं म्हणा. काहीही चाललं असतं.

मंगळवारी जेवताना सांगितलं. “मला दुसऱ्या गावचं दुकान चालवायला बोलावलंय. दीड वर्षासाठी.” नीट, मोठ्याने सांगितलं. त्या वेळी आरशाची चर्चा ऐन रंगात होती. मोठा मुलगा आरशात दिसला तेव्हा तो खरंच दिसला की भिंतीवरचा फोटो दिसला, असं काहीतरी.

“मीठ दे जरा,” नवरा म्हणाला.

मी मीठ दिलं.

बुधवारी परत सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या, नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. म्हटलं, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय त्या दुकानाचं. “हं, छान,” तो म्हणाला, आणि मान वळवून, “ए छकुली, आरशाचं परत लाव गं, मी आलो.” छान! माझं टाळकंच सरकलं. हातातलं झाकण मी ओट्यावर दाणकन आपटलं. बाहेरच्या खोलीतून छकुली ओरडली, “आजी, मांजर शिरलं बघ आत.”

त्याच संध्याकाळी छकुलीने नवा तर्क मांडला. पोरगी जाहिराती लागायची वाट बघत होती. “वहिनीच मेलीय,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे बूट आणि आरसे बघत बसता. ती बोलते तेव्हा काय होतं ते बघा. ती विचारते, चहा टाकू का. कुणी हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. ती सांगते, मी जरा बाहेर जाऊन येते. कुणी ये म्हणत नाही. पहिल्या भागापासून एकानेही तिला उत्तर दिलेलं नाही.”

“अगं पण मग चहा येतो कुठून?” पुरावेकाकांनी अडवलं. “मेलेली बाई चहा कशी करेल?”

“चहा येतोच की,” सासूबाई म्हणाल्या. “कुठून आला ते बघतं कोण?”

मी नेमकी त्याच वेळी तिघांपुढे कप ठेवत होते. तिघांनी ते उचलले. कुणाची नजर टीव्हीवरून हलली नाही. मला आधी हसू फुटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले. फार वाईट वाटलं. ही माणसं वाईट नाहीत हो, तेच तर. वाईट असती तर भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईंच्या चष्म्याची दांडी वाकवून बघताना सहज समोरच्या आरशात लक्ष गेलं. होते मी. केस विस्कटले होते, पण होते.

तो गुरुवार. त्याच दिवशी मालिकेत उलगडा व्हायचा होता. छकुलीचा फोन दुपारपासून थरथरत होता. नवरा कामावरून लवकर आला. मीही साडेसातलाच सगळं आवरलं आणि आठ वाजता हातात ताट नाही, कप नाही, अशी येऊन खुर्चीत बसले. तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या जाहिराती लागल्या आणि मी तोंड उघडलं.

“वहिनी मेलेली नाही.”

तिघांच्याही माना वळल्या. इतक्या दिवसांत ते तीन चेहरे मी एकदम समोरून पाहिले नव्हते.

“मग?” छकुलीने फोन सरसावला.

“तिला दुसऱ्या गावी काम मिळालंय. चांगलं काम आहे, सगळं तिच्या हाती. दीड वर्षासाठी. तिने घरात सांगितलंय, पण कुणाच्या कानात शिरलेलं नाही. उद्या दुपारपर्यंत तिला उत्तर द्यायचंय. आता सांगा, ती जाईल की राहील?”

“थांब, थांब. हे इंटरेस्टिंग आहे.” नवऱ्याने चक्क टीव्हीचा आवाज बंद केला. “जाईल. सरळ आहे. तिला त्या घरात आहे काय? नवरा तिच्याकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही. मी ओळखून आहे असल्या नवऱ्यांना. कामावरून आला की पसरला सोफ्यावर.” हे तो सोफ्यावर पसरूनच सांगत होता.

“जाईल कशी?” सासूबाई म्हणाल्या. “घर कोण बघेल?” मग त्याच पुढे म्हणाल्या, “पण खरं सांगू का, जाऊ दे तिला. मला संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत हेडक्लार्क करत होते एकदा. याच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, बघू. बघू, बघू म्हणता मी रिटायर झाले.”

इतकी वर्षं त्यांच्यासोबत एका घरात राहतेय, पण हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नसावं. तो आईकडे बघत राहिला.

“मला वाटतं ती थांबलीय,” छकुली म्हणाली. टाइप करता करता तिची बोटं थांबली होती. “कुणीतरी एकाने विचारावं म्हणून. तुला काय हवंय, एवढंच. मग ती जाईल नाहीतर राहील, ते तिचं ती बघेल. पण विचारायला तर पाहिजे ना.”

पडद्यावरच्या बाईचं माझ्या लेकीला सगळं कळत होतं. मला तिचं कौतुक वाटलं आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

“आणि कुणी विचारलंच नाही तर?” मी म्हटलं.

“मग तिने जावंच,” नवरा म्हणाला. “बॅग भरावी आणि निघावं. मला पटलंय तुझं. फक्त एक सांग, हे दाखवलं कुठल्या भागात? माझ्या नजरेतून असं काही सुटत नाही.”

“मंगळवारी,” मी म्हटलं. “तू मीठ मागितलंस तेव्हा.”

“मंगळवारच्या भागात मीठ कुठे...” तो बोलायला लागला आणि थांबला.

दुकानात मी हे रोज बघते. बरोबर नंबरची काच डोळ्यापुढे आली की माणूस लगेच बोलत नाही, आधी नुसतं बघतो. तसा तो माझ्याकडे बघत होता.

“बुधवारी परत दाखवलं,” मी म्हटलं. “तेव्हा तू छान म्हणालास.”

टीव्हीवर जाहिराती संपल्या होत्या. ते चौघं टेबलाशी बसले होते, त्यांच्यातलं कुणीतरी उठून उभं राहिलं, ओठ हलत होते. आवाज बंदच होता. सासूबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. छकुलीचा फोन पिसाटल्यासारखा वाजायला लागला. तिने तो उलटा करून उशीखाली सारला.

“आई,” ती म्हणाली, “तुला काय हवंय?”

रागाने बोलायची वाक्यं माझ्याकडे तीन दिवसांची साठली होती. ती सगळी मी बाजूला ठेवली. मी विचार केला. कुणी घाई केली नाही.

“मला जायचंय,” मी म्हटलं. “आणि तुम्ही जाऊ नको म्हणावं, असंही वाटतंय.”

“जाऊ नको,” नवरा लगेच म्हणाला. चष्मा काढून तो हातात फिरवत बसला. मग म्हणाला, “पण जा तू. तिकडे सुट्टी कुठल्या वारी असते?”

“सोमवारी.”

“मग रविवारी दुकान बंद व्हायच्या वेळेला मी येत जाईन गाडी घेऊन. वाटेत तू मला सगळं सांग. गाडीत टीव्ही नसतो.” हे बोलताना त्याला हसायचं होतं, पण ते काही जमलं नाही. मलाही नाही. डोळ्यांतलं पाणी मी पदराबिदराने पुसलं नाही, सरळ वाहू दिलं. बघू देत म्हटलं.

मालिकेत मेलेलं कोण, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी छकुलीच्या ग्रुपमधून कळलं, मी मालकीणबाईंना हो सांगून आल्यावर. आजोबाच होते. सासूबाईंनी तो खोकल्याचा मुद्दा आठवडाभर मिरवला.

पण गुरुवारी टीव्ही बंद केल्यावर त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन वळल्या.

“चहा टाकू का?” त्यांनी विचारलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

आम्ही तिघंही एकदम हो म्हणालो.