आंजीच्या खोलीतली सात गाणी

मी एक कॅसेट बोलतेय, साठ मिनिटांची. आंजी मोठी या गावच्या अंजूने स्वतः रचलेली सात गाणी माझ्यावर आहेत.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवरा रूपराव कामावर गेला की अंजू शिलाई मशीनवर टेपरेकॉर्डर ठेवायची, करकरणारा पंखा बंद करायची आणि पेटी पुढ्यात घ्यायची. शेजारच्या खोलीत आजारी सासरे पडलेले असत. म्हणून ती हळू गायची, स्वतःशीच बोलल्यासारखी. पुढचा शब्द येईल की नाही, या धास्तीनेच मी फिरत राहायची.

त्या पावसाळ्यात सासरे गेले. गाणी तशीच राहिली. पुढच्या वर्षी तिची मैत्रीण प्रेरणा सावंगीहून आली. तिने माझ्या चाळीस प्रती काढल्या आणि एक नागपूरच्या एका समीक्षकांना पाठवली.

महिन्याभरात वर्तमानपत्रात छापून आलं. 'ही गाणी कानाशी येऊन बोलतात. ताटावर बसून एक शब्दही न बोलणारा नवरा आणि समोर पोळ्या वाढणारी बाई, त्यांच्यातली शांतता इतकी स्पष्ट मी कधी ऐकली नव्हती.'

अंजूने ते चारदा वाचलं. पाचव्यांदा रूपरावने वाचलं.

"घरातलं बाहेर काऊन नेलं तू?"

"मी कोणाचं नाव घेतलं नाई."

"नाव कशाले लागते? अख्खं गाव विचारून राह्यलं मले, जेवताना बोलत नाई का म्हणून!"

त्याने मला टेपरेकॉर्डरमध्ये घातलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. मी पुसली जाऊ लागले. पहिल्या गाण्याची पहिली ओळ गेली. तिच्या जागी रूपरावचा फुललेला श्वास आला. अंजू दारात उभी होती. तिने त्याचा हात धरला नाही.

पुसलं गेलं का ते बघायला त्याने मला मागे नेऊन वाजवलं. आधी श्वास, मग गाणं. दोन कडव्यांच्या मध्ये पलीकडच्या खोलीतून कोणीतरी खोकलं.

रूपराव खाली बसला. "बाबा व्हय हे."

"हो. त्या दिवशी जरा बरं होतं त्यायले."

त्याने सातही गाणी ऐकली. संपल्यावर बटणाकडे बघत म्हणाला, "मी खरंच बोलत नाई का वं?"

"आता बोलले ना तुम्ही," अंजू म्हणाली.

त्यानंतर तो जेवताना बोलू लागला. मिठाबद्दल, पावसाबद्दल, काहीही. पण अंजूचं गाणं थांबलं. समीक्षकांचं पत्र आलं, नवी गाणी कधी? ती पेटीपाशी बसायची आणि उठायची. प्रेरणाला म्हणाली, "तोंड उघडलं का वाटते, कोणीतरी लिहून घेऊन राह्यलं."

आता दोन हजार सात चालू आहे. मी कपाटात आहे, ब्लाउजच्या कापडांखाली. लोक सीडी ऐकतात. माझी पट्टी चिकटू लागलीय आणि मला स्वस्थता नाही. अंजू, माझी दुसरी बाजू अजून कोरी आहे. चांगलं नको गाऊस, नुसतं गा. अडखळलीस तरी मी ते सांभाळीन. फक्त लवकर ये.