मातीच्या बैलांचं तोंड

बिडकीनजवळ ज्यांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, ते शेतकरी पोळ्याला कंपनीच्या भिंतीपाशी मातीचे बैल मांडतात. दावणीला बैल नाय, रान नाय, तरी मांडतात! तिथल्याच एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी सुलेखा सात वर्षं दर पोळ्याला हे बघून वहीत लिहीत होती. तिचे विभागप्रमुख मात्र हसायचे, "हे कसलं संशोधन? पोरखेळ हा!"

ऐकून ऐकून मन मोडतं हो माणसाचं. पुंडलिकनगरच्या घरी तिनं सातही वह्या सुतळीनं बांधून ठेवल्या. शहरात समाजशास्त्र परिषदेचं अधिवेशन होतं. तिथं एकदा निबंध वाचायचा, आणि कुणी एक प्रश्नही विचारला नाय तर वह्या रद्दीत, असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. परिषदेचा अर्ज पर्समध्ये तसाच होता. 'सभासद का व्हायचे आहे?' या रकान्यापाशी पेन अडलं होतं. कशाला व्हायचं? मिरवायला?

हॉलमध्ये माणसं मोजून नऊ, त्यातलं एक पेंगत होतं. तिनं वाचलं, वेळ संपल्याची घंटा वाजली. प्रश्नाला एकही हात वर झाला नाय. झालं, गेल्या वह्या!

तेवढ्यात मागून सोयगावचे निवृत्त प्राध्यापक नानासाहेब उठले. "बाई, बैलांचं तोंड कुठं करतात ती माणसं?"

लोक हसतील म्हणून नेमकं तेच वाक्य सुलेखानं निबंधातून खोडलं होतं. "भिंतीकडं, सर. ज्याचं शेत जिथं होतं, तिकडं."

म्हातारा दोन पावलं पुढं आला. "धरणात बुडालेल्या गावची माणसं मी बघितली, वीस वर्षांमागं. काठावर बैल मांडायची, तोंड पाण्याकडं. मला वाटायचं, हे मी एकट्यानंच बघितलं."

"आमच्याकडे बैल लाकडाचे असतात," खिडकीपाशी बसलेली चंद्रपूरची अंबिका हळूच म्हणाली. "पण तोंड जमिनी गिळलेल्या खाणीकडेच. मी कुठं लिहिलंच नाही."

अगं बाई! कुठलं बिडकीन, कुठलं धरण, कुठली खाण! या माणसांनी एकमेकांना कधी बघितलं नाय, आणि बैल मात्र सगळीकडं आपापल्या रानाकडं बघत उभे! पेंगणारा गृहस्थही सरळ होऊन बसला. आपण बघितलं ते केवढं मोठं आहे, हे एकटीनं सत्तर वर्षं लिहूनही सुलेखाला कळलं नसतं.

चहाची सुट्टी झाली तरी ती जागची हलली नाही. अर्ज काढून त्या रकान्यात तिनं लिहिलं, 'बैलांचं तोंड कुठं होतं, असं विचारणारं माणूस इथं भेटतं.'

मग घरी फोन लावला. "अहो, आधी त्या वह्यांची सुतळी सोडा."