मागची पट्टी

बालवाडीच्या बाईंनी टेबलावर दोन चित्रं ठेवली. एकात मुलगी शिडीच्या टोकावर, दुसऱ्यात खालच्याच पायरीवर अडकलेली. "यातली तुझ्यासारखी कुठली गं?"

माकडिणीनं जराही विचार न करता वरच्या मुलीवर बोट ठेवलं. घरात तिला हेच नाव पडलं होतं, आणि चार वर्षांच्या त्या पोरीला त्याचा कोण अभिमान.

"या वयात सगळे स्वतःला पहिलवानच समजतात," बाई हसत तिच्या बाबाला म्हणाल्या. "बरंच आहे ते. म्हणून तर करून बघतात. चल, आता कोपऱ्यातल्या त्या शिडीवर चढून दाखव बघू."

बाबा लगेच पुढे सरकला. तो शिंपी. लेकीच्या प्रत्येक फ्रॉकला त्यानं मागे कमरेशी दुहेरी शिलाईची जाड पट्टी लावली होती, आणि ती कुठेही चढायला लागली की ती पट्टी त्याच्या मुठीत असायची. वजन हा पेलायचा, शाबासकी ती घ्यायची. एकटी म्हणून ती आजवर चढलीच नव्हती. हे बाईंना सांगायला हवं होतं, पण पोरीच्या देखत सांगणार कसं?

"पालकांनी इथे दाराशी थांबायचं," म्हणत बाई शिडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

एक पायरी झाली, दुसरी झाली. तिसरीवर पाय घसरला आणि ती जागच्या जागी थिजली. मग तिनं एक हात सोडला आणि पाठीमागे चाचपायला लागली.

ती पट्टीवरची बाबाची मूठ शोधत होती. म्हणजे हिला ठाऊक होतं, पहिल्यापासून. इतके दिवस फसला होता तो एकटाच.

"बाबा, तू धरलंयस ना?" मागे न बघताच तिनं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या भरवशावर ही दुसराही हात सोडेल.

"नाही गं. मी दाराशी आहे. तूच धर."

तिनं वळून पाहिलं. डोळे भरून आले, ओठ थरथरले. मग तो हात पुन्हा शिडीवर गेला आणि रडत रडत, एकेक पाय टाकत ती खाली उतरली.

बाबा धावला. कडेवर घ्यायला वाकला, तर तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं.

"तू तिकडेच जा," नाक ओढत ती म्हणाली. "मला परत चढायचंय."

तो दाराशी जाऊन उभा राहिला. आपले हात कुठे ठेवावेत, हेच त्याला कळेना.