गवताने गिळलेला उतार

मी एक जुना टोकणीचा दांडा आहे. बोर्निओच्या डोंगरात कुऱ्हाडीलाही घाम फोडणारे एक लाकूड मिळते, त्या लाकडाचा मी. माझे टोक अजून शाबूत आहे आणि मित्रांनो, मला त्याचा गर्व आहे. का नसावा?

आमच्याकडे भात नांगरून पेरत नाहीत. जंगलाचा एक तुकडा तोडतात, वाळवतात, जाळतात. मग पुरुष ओळीने आम्हा दांड्यांनी भोके पाडत पुढे चालतात आणि बायका मागून त्यात बी टाकतात. पीक निघाले की ती जागा सोडायची आणि तिथे पुन्हा जंगल वाढू द्यायचे. मगच परतायचे.

मला तासले आमच्या घरच्या सुनेच्या, उमांगच्या, सासऱ्याने. त्यानेच नदीकाठचा उतार पहिल्यांदा तोडला, म्हणून तो उतार त्याच्या घराचा. पहिल्या वर्षी राखेखाली माती इतकी मऊ होती की मी टेकताच आत जाई. भात असे आले की कणग्या पुरेनात!

तिथेच थांबायला हवे होते. पण उमांगचा दीर गराई म्हणाला, "घराजवळचा उतार सोडून लांब तंगडतोड कशाला?" पुन्हा पेरले. त्याच्या पुढच्या वर्षीही पेरले. राखेचा कस पिकाने खाल्ला, उरलेला पावसाने धुऊन नेला. इथली माती मुळात गरीब. तिची श्रीमंती झाडांत असते आणि झाडे तर जळाली होती. माझे टोक खडखडू लागले. मग छातीइतके उंच, धारदार गवत माजले आणि उतार गिळून बसले.

सासरा गेला, नवराही गेला. उमांगजवळ तेवढाच एक उतार होता, लेक सुलाऊला द्यायला. तो गवतातच राहिला असता तर मायलेकी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबल्या असत्या. तिने ठरवले, इथे जंगल परत आणायचे. पण गराई दर उन्हाळ्यात गवताला आग लावी आणि उगवलेली रोपे जळून जात.

"वहिनी, जळल्यावर कोवळे कोंब फुटतात, कोंबांवर हरणं येतात. मांस तुम्हालाही गोड लागतं की!"

"लागतं ना, भावजी. पण तुमचं हरीण एका दिवसात संपतं आणि माझा डोंगर दर वर्षी मरतो."

"गवताची राखण करणारी बाई आजच पाहिली!"

आमच्याकडे सारा गाव एकाच लांबलचक छपराखाली राहतो; ती सगळी घरे खो खो हसली. उमांग म्हणाली, "हसा खुशाल. तुमचे दात मोजायला मला सवड नाही."

मायलेकींनी उताराभोवती रुंद पट्टा साफ केला. दर उन्हाळ्यात करत राहिल्या. एकदा गराईने पलीकडे लावलेली आग वाऱ्याने उसळली. उमांग ओल्या फांद्या घेऊन धावली, मागून साऱ्या बायका धावल्या. आग पट्ट्यावर येऊन विझली! गराईच्या भुवया तेवढ्या जळाल्या. हरीण काही आले नाही. त्यानंतर त्याने गवताला काडी लावली नाही.

मी छपराच्या वाशावर धूर खात पडलो होतो. खरे सांगतो, फार वाईट वाटे. तिकडे मोठ्या पानांची झाडे वर चढली. सावलीत गवताचा जीव गुदमरला. पाने पडली, कुजली, मुळे खोल गेली. उमांगचे केस पिकले.

अखेर सुलाऊच्या नवऱ्याने मला खाली काढले. उतार तोडला, जाळला. मी टोक टेकवले आणि मातीने मला वीतभर आत ओढले! मी ओरडलो असतो, पण दांड्याला तोंड कुठले? त्या वर्षी भात आले ते डोक्याएवढे. साऱ्या घरांतून तुआकचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, माठ निघाले. म्हाताऱ्या गराईने पहिला प्याला उमांगसमोर धरला. "वहिनी, जिंकलात तुम्ही!"

पोरे नाचत ओरडली, "पुढच्या वर्षी पुन्हा इथंच पेरू!"

उमांग काही बोलायच्या आत गराईच उठला. "खबरदार! माझ्यासारखी अक्कल गहाण ठेवू नका. आता जंगल येईपर्यंत या उतारावर पाऊल टाकायचं नाही." आणि त्याने स्वतःच्या हाताने मला वाशावर ठेवले. उमांग हसली. इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

मित्रांनो, आता मला वाईट वाटत नाही. मातीला निजू द्या. हातात दांडा आहे म्हणून दर वर्षी भोक पाडलेच पाहिजे असे नाही.