रडणारं चाक

वैशाखातल्या गुरुवारी दत्तात्रेय मास्तरांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. माणसं कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून बसत. मधोमध उन्हात एक सायकल उभी. दुपार तापली की तिच्या मागच्या चाकाच्या मधल्या जाडजूड हबातून तांबडं पाणी ठिबकायचं आणि हात जोडले जायचे. उन्मेष रडतोय, लोक म्हणायचे. मास्तरांचा हा एकुलता मुलगा शिमग्यात तापाने गेला होता. सायकल त्याची.

तो गेल्यावर पुण्याहून आलेले एक महाराज खुर्चीत बसून त्या थेंबांचा अर्थ सांगत. "आईच्या गोळ्यांचा कडूपणा मला इथवर लागतो, म्हणतोय. औषध सोडा, माऊली. अजून सात गुरुवार पहाटे चाकाला पाणी घालत राहा." जिवंतपणी दोन वाक्यांत आटपणारा रत्नागिरीचा मुलगा आता महाराजांच्या तोंडून तासभर बोलायचा, तेही अस्सल पुणेरीत.

मास्तरांच्या बायकोने, लीलाबाईंनी, मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. पायाच्या बोटांना आधीच झालेली जखम काळी पडू लागली.

"अगं, डॉक्टर म्हणाले होते..."

"तुम्ही आपली पुस्तकं वाचा."

मास्तर भिडस्त. पुस्तक उघडून बसले. पण एका ढगाळ गुरुवारी चाक कोरडं राहिलं, आणि ढग पाहून की काय, महाराज त्या दिवशी फिरकलेही नव्हते, हे त्यांच्या मनातून जाईना. पुढच्या बुधवारी त्यांनी चाक आडवं करून आतलं पाणी निथळवलं आणि सगळ्या फटी ग्रीसने बुजवल्या.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. पहाटे पाणी घालूनही थेंब येईना.

"घरात कुणीतरी संशय घेतला," महाराज म्हणाले. "मुलगा रुसून गेला."

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "काय केलंत तुम्ही?"

"ग्रीस लावलं." मास्तर उठले. त्यांनी ग्रीस पुसलं, तांब्यातल्या पाण्यात शाई कालवली आणि चाकावर ओतली. अर्ध्या तासाने निळे थेंब पडू लागले.

गडग्यावरून शेजारचा काशीराम म्हणाला, "काय ओ म्हाराज, पोरगा आता शायीनं रडतोय काय?"

मास्तरांनी सांगितलं. या चाकाचे गिअर हबाच्या पोटात. त्यांची बारीक साखळी पोकळ आसातून आत जाते, त्याच भोकातून पाणीही शिरतं. आतलं लोखंड गंजतं. उन्हाने आतली हवा फुगते आणि गंजाचं पाणी बाहेर ढकलते.

महाराज चप्पल शोधू लागले.

"म्हणजे तो नाही?" लीलाबाईंनी विचारलं.

"नाही गं."

"थोडासुद्धा?"

चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला बरोबर उत्तर इतकं जड कधी गेलं नव्हतं. "नाही. पण त्या भोकाला ग्रीस लावायचं, हे मला त्यानेच दाखवलं होतं. पाणी शिरलं की सगळं सडतं, बाबा, म्हणायचा."

लीलाबाई तिथेच मातीत बसल्या. संध्याकाळी दवाखान्यात गेल्या. पाय वाचला, दोन बोटं गेली.

गेलेलं माणूस रडत नाही, मागे राहिलेलं रडतं. त्या रडण्याचा अर्थ सांगायला कुणी खुर्ची टाकून बसला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: पाणी शिरतं कुठून? आणि औषध मात्र कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.